आधी सामान, मग हिच

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेतला की विक्रेता बहुधा त्याच्याबरोबर हिचचे, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या साधनाचे, खोकेही देतो. त्या खोक्यावर दोन कामांची नावे एका दमात छापलेली असतात: वेट डिस्ट्रिब्युशन आणि स्वे कंट्रोल. घेणाऱ्याला वाटते, एवढे खोके बसवले की वजनाचाही प्रश्न मिटला आणि महामार्गावर ट्रेलरने शेपूट हलवण्याचाही. प्रत्यक्षात ही दोन कामे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. पहिले काम उभ्या दिशेचे आहे: ट्रेलरच्या टंगचा, म्हणजे पुढच्या जोडदांड्याचा, जो भार गाडीच्या मागच्या टोकावर पडतो, तो पुढच्या-मागच्या ॲक्सलांत नीट वाटून देणे. दुसरे काम आडव्या दिशेचे आहे: ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागला तर तो डोल जिरवणे. पहिले उत्तम झाले म्हणून दुसरे आपोआप होत नाही. आणि ट्रेलर डोलतो त्याचे मूळ कारण या खोक्यात नसतेच. ते ट्रेलरच्या कपाटांत, पाण्याच्या टाकीत आणि मागच्या बंपरवर टांगलेल्या सायकलींत असते. म्हणून ‘कोणती हिच घेऊ?’ या प्रश्नापासून सुरुवात करणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपणे. आधी सामान, मग वजनकाटा, आणि मग हिच, असा क्रम असायला हवा.

उभ्या दिशेचे काम आधी पाहू, कारण ते आकड्यांत स्वच्छ मांडता येते. समजा, एका पिकअपचा व्हीलबेस ३.७ मीटर आहे आणि हिचचा बॉल मागच्या ॲक्सलच्या १.५ मीटर मागे आहे. तिला २,७२० किलोचा ट्रेलर जोडला आणि त्याच्या टंगचा बॉलवर ३४० किलो भार आला, म्हणजे साडेबारा टक्के. अमेरिकी पद्धतीत हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असे मानतात, म्हणजे आपले उदाहरण अगदी मधले आहे. आता हे ३४० किलो मागच्या चाकांवर नसून त्यांच्याही मागे लोंबत आहेत. मागचा ॲक्सल तरफेचा टेकू होतो आणि गाडीचे नाक उचलले जाते. हिशेब केला तर पुढच्या चाकांवरचा १३८ किलो भार कमी होतो आणि मागच्या चाकांवर ३४० नव्हे, ४७८ किलो चढतात. हेडलाइट आकाशाकडे बघू लागतात हा त्यातला किरकोळ भाग. खरी काळजी अशी की स्टिअरिंग ज्या चाकांच्या हाती, त्यांचीच रस्त्यावरची पकड सैल होते.

वेट डिस्ट्रिब्युशन हिचमध्ये बॉलच्या खालून दोन पोलादी स्प्रिंग बार निघतात आणि ट्रेलरच्या ए-आकाराच्या फ्रेमवर साखळीने किंवा कंसावर ताणून बसवले जातात. हातगाडीची दांडी वर उचलावी तसे ते बार जोडाच्या जागी गाडीचे मागचे टोक वर धरतात. वरच्याच उदाहरणात हिचपासून ट्रेलरचे ॲक्सल ५ मीटरवर आहेत असे धरून बार इतके ताणले, की पुढच्या चाकांनी गमावलेल्यातला निम्मा भार परत यावा, तर चित्र असे होते: पुढच्या चाकांवरची तूट ६९ किलोवर येते, मागच्या चाकांवरची वाढ ४७८ वरून ३७० किलोवर उतरते आणि उरलेले ३९ किलो ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर जातात. बेरीज पुन्हा ३४०च. भार कुठे नाहीसा झालेला नाही. त्याने फक्त जागा बदलली. हे बारकाईने लक्षात ठेवावे, कारण ‘चांगली हिच लावली की जास्त वजन ओढता येते’ असा एक समज पक्का रुजलेला आहे. चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर गाडी माणसे आणि सामान मिळून किती वाहू शकते ते लिहिलेले असते. टंगचा भार, चाळीसेक किलोची हिच, चार माणसे, कुत्रा आणि पिकअपच्या हौद्यातला जनरेटर हे सगळे त्या आकड्यात बसवावे लागते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली ओढण्याची क्षमता पुष्कळ शिल्लक असते आणि पट्टीवरचा आकडा मात्र केव्हाच संपलेला असतो, असे नेहमी घडते.

मग अर्धाच भार का परत आणायचा, पूर्ण का नाही? जुन्या जाणकारांचा सल्ला तोच असे: गाडी ट्रेलर जोडण्यापूर्वी होती तशी सपाट दिसेपर्यंत बार ताणा. आपल्या उदाहरणात तसे केले तर पुढची तूट शून्य होते, मागच्या चाकांवर फक्त २६१ किलोची वाढ राहते आणि ट्रेलरच्या चाकांवर ७९ किलो जातात. बघणाऱ्याला गाडी दिमाखदार दिसते. पण हिचपाशी ट्रेलर बाजूला ढकलू लागतो तेव्हा ते ढकलणे मागच्या टायरांना पेलायचे असते, आणि टायरची आडवी पकड त्याच्यावरच्या भारावर अवलंबून असते. पुढे भार वाढवत आणि मागे काढत गेलो की वळणावर किंवा अचानक लेन बदलताना मागचे टोक आधी निसटण्याची शक्यता वाढते. त्यामुळेच बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकांत आता पुढच्या भारातली सुमारे निम्मी तूट भरून काढा असे सांगितलेले आढळते. काहींत प्रमाण त्याहून वेगळे असते, आणि काही गाड्यांचे उत्पादक तर ही हिच लावूच नका म्हणतात. २००८ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ हे मानक काढले, तोवर प्रत्येक कंपनी ओढण्याची क्षमता आपापल्या मापाने मोजत असे. या मानकाने चढ, ब्रेक आणि वळणावरचे वर्तन यांच्या चाचण्या सर्वांसाठी सारख्या ठरवून दिल्या. पुस्तिकांचे सांगणे गाडीगणिक वेगळे असल्याने बार किती ताणायचे याचा निर्णय डोळ्यांवर सोडू नये आणि शेजारच्या कॅम्पसाइटवरच्या अनुभवी गृहस्थांवर तर मुळीच सोडू नये. तो आकडा पुस्तिकेत असतो आणि मोजावा लागतो काट्यावर.

आता डोलण्याकडे वळू. लेखाचा खरा गाभा तोच आहे. ट्रेलर म्हणजे हिचच्या बिंदूभोवती फिरणारा लोलक, पण त्याला जागेवर आणणारे बल टायरांतून येते. ट्रेलर बाजूला फेकला गेला की टायर किंचित तिरके होऊन घासतात आणि त्या घासण्याने डोल जिरतो. टायर किती तिरका चालतो हे त्याच्या आडव्या वेगाचे पुढच्या वेगाशी काय प्रमाण आहे यावर ठरते. म्हणजे तेवढ्याच आडव्या हालचालीला ताशी ६० किलोमीटरला जेवढा तिरकेपणा येतो, त्याच्या निम्माच ताशी १२० ला येतो, आणि डोल जिरवणारे बलही त्याच मानाने घटते. वेग वाढवत गेलो की एक मर्यादा अशी येते जिथे हेलकावा जिरण्याऐवजी प्रत्येक फेरीत वाढू लागतो. त्या मर्यादेच्या खाली सगळे काही सुरळीत वाटते. त्या पलीकडे एखादा मोठा ट्रक बाजूने गेला, त्याच्या नाकापुढच्या हवेने धक्का दिला, आणि पुढच्या काही सेकंदांत ट्रेलर गाडीला घेऊन फिरतो. वाढत्या हेलकाव्याला लागणारी ऊर्जा बाहेरून येत नाही. ती गाडीच्याच पुढच्या गतीतून घेतली जाते.

ही मर्यादा किती वेगावर येईल हे मुख्यतः सामान कुठे आहे यावर ठरते. ट्रेलरचा वजनबिंदू चाकांच्या पुढे असेल तर हेलकावा लवकर मरतो. तो मागे सरकला की ट्रेलरचे मागचे टोक एका बाजूला फेकले जाताना चाकांच्या टेकूवर तरफ उलटते, हिच गाडीचे शेपूट विरुद्ध बाजूला ढकलते, गाडीचे नाक वळते आणि ते वळणच पुढच्या हेलकाव्याला बळ देते. बैलगाडीत पोती रचणारा गाडीवान नेमके हेच सांभाळतो: गाडी उलाळ झाली तर जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याला जोती आवळतात, आणि फार धुरजड झाली तर सगळा भार मानेवर येतो, म्हणून तो थोडी धुरजडच भरतो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही हेच दिसले. कमी-जास्त करता येण्याजोगे वजन बसवलेला ट्रेलर ओढून त्यांनी पाहिले, तेव्हा वेगातल्या स्थिरतेवर नाकावरचा म्हणजे टंगचा भार, ॲक्सलची जागा आणि वजन टोकांकडे किती पसरले आहे यांचा परिणाम मोठा होता. ट्रेलरचे निव्वळ वजन किती यामुळे मात्र फारसा फरक पडत नव्हता. विक्रेत्याकडचे संभाषण नेमके त्या शेवटच्या आकड्याभोवती फिरत असते.

सामान किती सहज खेळ बिघडवते ते आपल्याच ट्रेलरवर पाहता येईल. ४० गॅलनची पाण्याची टाकी ॲक्सलच्या दीड मीटर मागे आहे आणि ती भरली. ते झाले सुमारे १५० किलो. तरफेने टंगवरचे ४५ किलो उचलले गेले; ट्रेलर २,८७० किलोचा आणि टंग २९५, म्हणजे साधारण सव्वादहा टक्के. मग मागच्या बंपरवर रॅक बसवून दोन इलेक्ट्रिक सायकली टांगल्या, रॅकसकट ६० किलो, ॲक्सलपासून साडेतीन मीटर मागे. आणखी ४२ किलो गेले, आणि टंग आता एकूण वजनाच्या पावणेनऊ टक्क्यांच्याही खाली. विक्रीच्या दिवशी साडेबारा टक्क्यांवर बेतून बसवलेली हिच तीच आहे, तिचा ताणही तोच आहे, आणि ट्रेलर मात्र बदललेला आहे. इथे एक हुशार उपाय सुचतो आणि तो फसवा असतो: मागे सायकली आहेत ना, मग पुढच्या खणात अवजारांची पेटी आणि लाकडे भरा, टक्केवारी परत जागेवर येते. टक्केवारी येते हे खरे. पण फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. त्या ६० किलोच्या सायकलींनी साडेतीन मीटरवर जेवढी भर घातली, तेवढी ॲक्सलपासून एक मीटरवर घालायला सातशेहून अधिक किलो ठेवावे लागतील. दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा फिरू लागला की थांबवणे कठीण. जड वस्तू ॲक्सलच्या आसपास, किंचित पुढे आणि जमिनीजवळ, हलक्या वस्तू टोकांना, आणि सायकली शक्य तर पिकअपच्या हौद्यात. याला कोणतेही यंत्र पर्याय नाही.

मग स्वे कंट्रोलचा उपयोग काय? आहे, पण त्याची मर्यादा समजून घेतली तर. बहुतेक साधने घर्षणावर चालतात. सर्वांत स्वस्त म्हणजे बाजूला लावलेली एक सरकती पट्टी, जी ब्रेकच्या पॅडसारख्या अस्तरात दाबून धरलेली असते. तीव्र वळण घेत मागे घेताना ती काढून ठेवावी लागते आणि निसरड्या रस्त्यावर सैल करावी लागते. इक्वलायझरसारख्या हिचमध्ये स्प्रिंग बारच कंसांवर घासतात आणि भार वाटण्याचे व डोल रोखण्याचे काम एकाच जोडणीत होते. रीझच्या ड्युअल कॅममध्ये बारच्या टोकाला खाच असते आणि ट्रेलर वाकला की बारला त्या खाचेतून वर चढावे लागते, म्हणून ट्रेलर सरळ राहणे पसंत करतो. या सगळ्यांच्या घर्षणात एक गोष्ट समान आहे: ते एका फेरीत जेवढी ऊर्जा खाते ती हेलकाव्याच्या रुंदीच्या प्रमाणात असते. हेलकावा दुप्पट झाला तर खाल्लेली ऊर्जा दुप्पट. पण मर्यादेच्या पलीकडे गेलेला ट्रेलर दुप्पट हेलकाव्याला चौपट ऊर्जा ओढून घेतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की लहान डोलांवर घर्षण सहज मात करते आणि एका विशिष्ट धक्क्यापुढे ते एकाएकी हरते. मधली अवस्था चालकाला फारशी जाणवतच नाही.

‘मी इतकी वर्षे ओढतो आहे, कधी काही झाले नाही’ हे म्हणणे म्हणूनच पुरावा ठरत नाही. चुकीच्या पद्धतीने भरलेल्या ट्रेलरला घर्षणाची पट्टी लावली तर त्याचा रोजचा, बारीक, सावध करणारा डोल नाहीसा होतो. तोच डोल चालकाला ‘मागे काहीतरी बिनसले आहे’ असे सांगत होता. आता तो सांगत नाही, आणि पहिली सूचना येते ती उतारावर, आडव्या वाऱ्यात, ट्रक शेजारून जाताना. पट्टी काढूनही जो ट्रेलर ठरलेल्या वेगाला शांत चालतो, त्याच्यावर पट्टी लावणे म्हणजे राखीव साठा. पट्टी काढली तर जो डोलतो, त्याच्यावर ती लावणे म्हणजे राखीव साठा रोजच्या खर्चाला काढणे. माझ्या मते एवढा एक फरक ज्याला कळला त्याने कोणत्याही कंपनीची हिच घेतली तरी चालेल.

टंगवर एवढा भार हवा यावर युरोपचे उदाहरण देऊन आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनच्या नाकावर ५ ते ७ टक्के भार पुरे मानतात, अनेक गाड्यांच्या बॉलची मर्यादाच ७५ ते १०० किलो असते, स्प्रिंग बारांची हिच तिथे क्वचित दिसते, आणि तरी हजारो कुटुंबे दर उन्हाळ्यात आल्प्सपर्यंत जाऊन येतात. मग अमेरिकेचे १० ते १५ टक्के हा बागुलबुवा आहे का? नाही, ती एका वेगळ्या व्यवस्थेची संख्या आहे. ब्रिटनच्या मोटरवेवर कॅरॅव्हॅन ओढताना मर्यादा ताशी ६० मैल आहे, जर्मनीत ८० किलोमीटर, आणि १०० ची परवानगी हवी तर टायर सहा वर्षांहून जुने नकोत, शॉक ॲब्सॉर्बर हवेत आणि गाडी-कॅरॅव्हॅनच्या वजनांचे प्रमाणही पाहिले जाते. ब्रिटिश कॅरॅव्हॅन संघटना नवशिक्याला सांगतात की कॅरॅव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. शिवाय तिथली कॅरॅव्हॅन हलकी असते आणि जड सामान ॲक्सलवर ठेवण्याचा धडा चालकांना आधीच मिळालेला असतो. टेक्साससारख्या राज्यात ट्रेलर मागे असतानाही लोक ताशी ७० मैलांच्या वर जातात आणि गाडीपेक्षा जड ट्रेलर ओढणे तिथे नेहमीचे आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना मर्यादा ५५ मैल आहे, आणि ती पाळणारे किती हे महामार्ग क्रमांक ५ वर उभे राहिले की दिसते. युरोपने टंगचा भार कमी ठेवून वेगात आणि वजनात किंमत मोजली. अमेरिकेला वेग आणि वजन दोन्ही हवे, म्हणून टंगवर भार जास्त. एका व्यवस्थेतला आकडा उचलून दुसऱ्या व्यवस्थेत वापरणे धोक्याचे.

दुसरा आक्षेप नव्या गाड्यांच्या मालकांचा: आमच्या पिकअपमध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रेलर स्वे कंट्रोल आहे, मग हे लोखंड कशाला? फोर्डने २००९ च्या एफ-१५० मध्ये ही सोय आणली आणि आता ती सर्रास मिळते. गाडी आपले शेपूट लयीत हलते आहे हे ओळखते, इंजिनाची ताकद कमी करते आणि एकेका चाकाचा ब्रेक वेगवेगळा दाबून विरुद्ध वळण देते. ट्रेलरवर बसवायची अशीच साधनेही आहेत. युरोपात आल्कोचे एटीसी ट्रेलरच्याच ब्रेकांनी डोल मारते. ही साधने चांगली आहेत, कारण ती वेग उतरवतात, आणि वेग उतरवणे हाच मर्यादेच्या खाली परतण्याचा मार्ग. पण ती डोल सुरू झाल्यावर जागी होतात, आणि पुढची चाके आधीच हलकी झालेली असतील तर संगणकालाही पकड रस्त्यातूनच मागावी लागते. यंत्र नसलेल्या गाडीत चालकाने करायचे तेही तत्त्वाने हेच आहे: ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे, डोलाच्या मागे मागे वळवत बसायचे नाही, आणि चालकाजवळच्या, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरची दांडी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागून ओढला गेला की तो ताणून सरळ होतो. गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर उलट ट्रेलर गाडीला मागून ढकलतो.

महागड्या टोकाला हेन्सली आणि प्रोप्राइड यांच्या हिच आहेत. त्यांची तत्त्वे घर्षणाच्या पलीकडची असल्याने त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्यांतले तिरपे दांडे असे जोडलेले असतात की ट्रेलर फिरतो तो बॉलभोवती नव्हे, तर कितीतरी पुढे, मागच्या ॲक्सलच्या जवळ असलेल्या एका काल्पनिक बिंदूभोवती. बॉल ॲक्सलपासून जेवढा मागे तेवढी ट्रेलरला गाडीचे शेपूट ढकलायला लांब दांडी मिळते. ती दांडीच जवळपास काढून टाकली तर ढकलण्याला जोर राहत नाही. फिफ्थ व्हील ट्रेलर पिकअपच्या हौद्यात, ॲक्सलच्या वरच बसतो आणि म्हणून त्याला शेपूट हलवण्याचा रोग जवळजवळ नसतो. हे त्याच गोष्टीचे उदाहरण. काही हजार डॉलर खर्चायची तयारी असेल, व्हीलबेस आखूड असेल आणि लांब ट्रेलर बदलता येत नसेल, तर हे पैसे वाया जात नाहीत. पण अशा मालकालाही आधी सायकली मागून काढायला मी सांगेन.

उरते निवड. दोन टनांच्या आतला लहान ट्रेलर, जड गाडी आणि टंगचा भार रिसीव्हरच्या, म्हणजे गाडीमागे हिच ज्यात बसते त्या खोबणीच्या, पट्टीवरच्या साध्या मर्यादेत असेल, तर स्प्रिंग बारांची गरज बहुधा नाही. रिसीव्हरवर दोन आकडे असतात, एक नुसता भार पेलण्याचा आणि एक भार वाटणाऱ्या हिचसह. पहिला ओलांडला की प्रश्न संपला, बार हवेतच. बार निवडताना त्यांची क्षमता भरलेल्या ट्रेलरच्या टंगला जुळती घ्यावी. फार जाड बार ट्रेलरच्या फ्रेमला हिसके देतात, फार पातळ बार पुरा भार उचलत नाहीत. मधल्या आणि लांब ट्रेलरांना घर्षण अंगभूत असलेली हिच मला सुटी पट्टी लावण्यापेक्षा बरी वाटते, एवढ्यासाठी की ती मागे घेताना काढायला विसरण्याचा प्रश्न राहत नाही. महामार्गालगतच्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात, त्यांच्यावर पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर ही तिन्ही वजने वेगळी कळतात. तीन फेऱ्या लागतात: गाडी एकटी, ट्रेलर जोडून पण बार सैल ठेवून, आणि बार ताणून. पहिल्या दोन फेऱ्यांतल्या गाडीच्या एकूण वजनातला फरक म्हणजे टंगचा भार. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या पुढच्या ॲक्सलच्या फरकावरून बार किती ताणले गेले ते समजते. प्रवासाला पाण्याची टाकी भरून निघायचे असेल, तर ती भरूनच काट्यावर जावे, आणि माणसेही गाडीत बसलेली असावीत.